नेपाळनं भारत आणि चीन यांच्यामध्ये राहायचं म्हणजे रोजच्या जगण्यात नेमकं काय?

कृष्णाकाठ_२३ (प्रश्न)
नमस्कार. मी कोल्हापुरात राज्यशास्त्रात एम.ए. करतोय. प्रबंधासाठी 'लहान देश आणि मोठे शेजारी' हा विषय घेतलाय, त्यात नेपाळ. जे वाचतो त्यात एकच शब्द येतो, 'समतोल'. पण तो तिथल्या माणसाला कुठं दिसतो? दुसरं, सार्कची (दक्षिण आशियातल्या आठ देशांच्या संघटनेची) शिखर परिषद २०१४ नंतर झालेलीच नाही. मग प्रादेशिक सहकार्यावर प्रकरण लिहावं की गाळावं? सांगलीकडची गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी आटवणारी माणसं काठमांडूत आहेत म्हणतात. कुणी असेल तर कृपया लिहा.

आटणीवाली
आहोत की. आम्ही खानापूर तालुक्यातले. २००४ पासून काठमांडूत न्यू रोडच्या मागच्या बोळात आमचं सोनं-चांदी आटवायचं दुकान आहे. मी पुस्तकातलं सांगू शकत नाही, घरातलं सांगते.

२०१५ साली २५ एप्रिलला भूकंप झाला. चीनकडचा तातोपानीचा रस्ता दरडींनी तेव्हाच बंद पडला. २० सप्टेंबरला नेपाळची नवी राज्यघटना आली. ती तराईतल्या, म्हणजे भारताला लागून असलेल्या सखल पट्ट्यातल्या मधेशी लोकांना मान्य नव्हती, ते सीमेवरच्या रक्सौल-बिरगंजच्या पुलावर धरणं धरून बसले आणि मालाचे ट्रक पलीकडं अडकले. भारत सरकार म्हणालं, आम्ही काही अडवलेलं नाही. इथले लोक त्याला आजही 'नाकाबंदी' म्हणतात. यातलं खरं काय हे तू कागद बघून ठरव. मला आठवतं ते असं, की दसैं (इथला दसरा) तोंडावर होता आणि गॅस नव्हता. पुढं अर्धे भरलेले सिलिंडर मिळायला लागले, तेही रात्रीपासून रांग लावून. सगळ्यांनी इंडक्शन शेगड्या घेतल्या, पण हिवाळ्यात दिवसाचे कितीतरी तास वीजच नसायची. भूकंपात पडलेल्या घरांची लाकडं लोकांनी चुलीत घातली. त्या धुराचा वास माझ्या डोक्यातून गेलेला नाही. सोनं शुद्ध करायचा तेजाब (आम्ल) संपला, म्हणून आमची भट्टी बंद. साडेचार महिने असं चाललं.

त्या दिवसांत मी भारतीय म्हणून मान खाली घालून बाजारात जायची. कुणी वाईट बोललं नाही. घरमालकीण आजींनी त्यांच्या चुलीवर आमचा भात शिजवून दिला. त्यांना १९८९ आठवत होतं. तेव्हा व्यापार आणि पारवहनाचे (शेजाऱ्याच्या हद्दीतून माल नेण्याचे) करार संपले होते आणि भारतानं बहुतेक नाके बंद केले होते. आजी म्हणाल्या, "नानी, हामी त तरुल हौं." म्हणजे, बाळा, आम्ही तर तरुल आहोत, दोन धोंड्यांमध्ये वाढणारा कंद. नेपाळ एकत्र करणाऱ्या राजा पृथ्वीनारायण शहांनी आपल्या राज्याला तसं म्हटलं होतं, अडीचशे वर्षांपूर्वी. इथं शाळकरी पोरालाही ते पाठ आहे.

म्हणून तुझा 'समतोल' हा शब्द मला पटत नाही. तराजूची दोन्ही पारडी सारखी असावी लागतात. इथं एक भारू (भारतीय रुपया) म्हणजे नेपाळी एक रुपया साठ पैसे, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. सीमा उघडी, पासपोर्ट लागत नाही. इथल्या घराघरातून कुणीतरी भारतात कामाला गेलेलं असतं. दिल्लीत २०१६ च्या नोव्हेंबरात नोटा रद्द झाल्या तेव्हा इथल्या बायकांनी लुगड्यात बांधून ठेवलेल्या पाचशेच्या भारू नोटा कागद झाल्या. निर्णय कुणाचा आणि फटका कुणाला, हे तुझ्या प्रबंधात येऊ दे.

कृष्णाकाठ_२३
ताई, खूप आभार. मग २०१५ नंतर नेपाळ चीनकडं का वळला नाही? बंदरांचा करार झाला होता ना?

आटणीवाली
झाला. २०१६ मध्ये पारवहन करार आणि २०१९ मध्ये त्याचा तपशील. चीनची तिआनजिनसारखी चार बंदरं वापरायची परवानगी मिळाली. पण कोलकाता इथून हजारेक किलोमीटरच्या आत, तिआनजिन तीन हजारांच्याही पलीकडं, आणि मध्ये हिमालय. चीनच्या सीमेवरच्या रसुवागढी नाक्यावरचा मितेरी पूल २०२५ च्या जुलैत भोटेकोशीच्या पुरात वाहून गेला. डोंगर कुणाचं ऐकत नाही. तरी तो कागद निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. दुसरं दार आहे एवढं कळलं की पहिल्या दाराशी बोलणं बदलतं. २०१९ मध्येच बिहारातल्या मोतिहारीपासून नेपाळातल्या अमलेखगंजपर्यंत ६९ किलोमीटरची तेलवाहिनी सुरू झाली. आता डिझेल पूर्वीइतकं टँकरवर अवलंबून नाही. हे भारतानं केलं आणि चांगलं केलं. पण तेल येतं त्याच बाजूनं, हेही खरं.

निवृत्त_वीजवाला
मी आयुष्यभर वीज पारेषणात काम केलं, म्हणून प्रादेशिक सहकार्याबद्दल थोडं. प्रकरण गाळू नका, जागा बदला. २०१४ च्या काठमांडू परिषदेत वाहतुकीचा करार पाकिस्ताननं अडवला, पण विजेच्या सहकार्याचा झाला. पुढची इस्लामाबादची परिषद २०१६ मध्ये उरीच्या दहशतवादी हल्ल्यानंतर बारगळली. सार्कमध्ये निर्णय एकमतानंच होतात, त्यामुळं भारत-पाकिस्तान बोलत नाहीत तोवर बाकीचे सहाही ताटकळतात. पण वीज चालत राहिली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी नेपाळ, भारत आणि बांगलादेश यांचा करार झाला. नेपाळची ४० मेगावॅट वीज नेपाळातल्या ढल्केबर ते बिहारातल्या मुझफ्फरपूर या वाहिनीवरून भारतात येते आणि आपल्या जाळ्यातून बांगलादेशात जाते. आकडा किरकोळ आहे. पण नेपाळनं भारत सोडून तिसऱ्या देशाला वीज विकण्याची ही पहिली वेळ. भारतानं आपली तार वापरू दिली, याला मी मोठं मानतो. एक अटही नोंदवा: चिनी गुंतवणूक असलेल्या प्रकल्पांची वीज भारत घेत नाही. नेपाळला धरण कुणाकडून बांधून घ्यायचं हे त्यामुळं आधीच ठरवावं लागतं.

आटणीवाली
काका, हे लिहिलंत ते फार बरं झालं. सार्कचं सचिवालय आमच्या दुकानापासून चालत जाण्याजोगं आहे, ठमेलच्या त्रिदेवी मार्गावर. आठ देशांचे झेंडे बघितले की मला वाईट वाटतं. २०१५ ला या आठांपैकी कुणीतरी मध्ये पडायला हवं होतं. पण सार्कच्या सनदेतच दोन देशांमधले वादाचे विषय बाहेर ठेवले आहेत. लहानाला चारचौघांची गरज लागते ती नेमकी अशा वेळी.

कृष्णाकाठ, अजून एक. बिरगंजला सिरसियाचं ड्राय पोर्ट (समुद्रापासून दूरचं मालाचं बंदर) आहे, कोलकात्याहून मालगाडी थेट तिथवर येते. प्रबंध संपायच्या आत ते बघून जा. गोरखपूरपर्यंत रेल्वेनं, पुढं रक्सौल. दसैंच्या आधी आलास तर रांगेतल्या ट्रकवाल्यांशी बोलता येईल, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना २०१५ चा एकेक दिवस आठवतो. मी मे महिन्यात विट्याला येतेय. तेव्हा भेट, आजींनी त्या दिवसांत लिहून ठेवलेला खर्चाचा हिशेब माझ्याकडं आहे, तो दाखवते.