भेरू घाटात गाडी तापते, इंजिनचं हेड उघडू का?

नमस्कार मंडळी, मी इंदूरचा. बाबांची २०१० ची सात सीटर डिझेल एसयूव्ही चालवतो. सपाटीला काटा मध्यावर, पण ओंकारेश्वरहून परतताना भेरू घाट चढायला लागलो की एसी चालू असताना थेट लाल रेघेकडे. मेकॅनिक म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) गेलं, ३५ हजार धरून चला. आई म्हणते, विकून टाक एकदाची.

उत्तर: अहो, थांबा जरा! सकाळी थंड इंजिन चालू करा. रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) लगेच दगडासारखा टणक होतो? कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) टाकीत बुडबुडे येत राहतात? कूलंट घटतं? ही गॅस्केट गेल्याची लक्षणं; तिन्हीला ‘नाही’ असेल तर हेडला हात लावू देऊ नका. माझा संशय पंख्याच्या व्हिस्कस कपलिंगवर, म्हणजे पंख्याला इंजिनशी जोडणाऱ्या भागावर. त्यात सिलिकॉन तेल असतं. ते गळालं की इंजिन कितीही तापो, पंखा जोर धरत नाही. घाट चढून आल्यावर इंजिन बंद, चावी खिशात, मग पंख्याला हाताने झटका द्या. भिरभिरत राहिला तर कपलिंग गेलं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका, बाबांनो.

उत्तर: एसीचा कंडेन्सर (रेडिएटरपुढची जाळी) आणि रेडिएटरच्या मधली फटही बघा. जुन्या गाड्यांत तिथे किडे-मातीचा थर बसतो, समोरून दिसत नाही. धुताना पाण्याचा जोर कमी ठेवा, पत्र्या वाकतात.

प्रश्नकर्ता: काका, पंखा भिरभिरला! होज मऊच आहे. नवं कपलिंग साडेसहा हजार सांगितलंय. आता त्या हेडवाल्याला काय सांगू?

उत्तर: काही नका सांगू. दुसरीकडे बसवून घ्या.