डुकरांचं रक्त तपासून लेकरं वाचतात का? ('सरळरेषा' यांना उत्तर)

गोठ्यातला_कंदील

परवा 'सरळरेषा' यांनी लिहिलं होतं: "पावसाळा आला की सरकारी माणसं डासांच्या नळ्या आणि डुकरांचं रक्त गोळा करत फिरतात. त्याच पैशात जपानी मेंदूज्वराची लस पोरांना टोचा. हे सर्वेक्षण म्हणजे नोकऱ्या टिकवायचा धंदा आहे." खाली अंगठ्यांची रांग. दोन दिवस गप्प बसलो. आता नाही बसवत.

ती सरकारी माणसं म्हणजे मी. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात कीटक समाहारक म्हणून सव्वीस वर्षं काढली, आता निवृत्त. दिवस मावळला की कुणाच्यातरी गोठ्यात शिरायचं. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात काचेची नळी, तिला जोडलेली रबरी नळी तोंडात. भिंतीवर, दावणीच्या कडेला टेकलेला डास अलगद ओढून घ्यायचा. जोरात ओढला तर पाय तुटतात, आणि पाय तुटलेला डास ओळखायला जड जातो. सोंडेच्या मधोमध फिकट पट्टा दिसला की हा ताप पसरवणाऱ्या क्युलेक्स विष्णुईच्या खानदानातला. एका माणसाला एका तासात किती सापडले, तो आकडा वहीत. रोवणी होऊन दोन-तीन आठवडे झाले, बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाणी तुंबून राहिलं, की हा आकडा चढतो.

आता हे कशासाठी. जपानी मेंदूज्वराच्या, म्हणजे जेईच्या, विषाणूचं मूळ घर बगळे आणि ढोकऱ्या. तिथून डास तो डुकरात नेतो. डुकराच्या रक्तात तो दोन-चार दिवस नुसता उसळतो, आणि डुक्कर मात्र मजेत उकिरडा उकरत असतं. गाभण मादी असेल तर मेलेली पिल्लं टाकते, एवढंच. माणूस म्हणजे या गाडीचं शेवटचं स्टेशन. आपल्या रक्तातून पुढच्या डासाला लागण होईल इतका विषाणूच नसतो. म्हणून आधी डुक्कर, मग डास, मग लेकरू. मधे काही आठवडे मिळतात. आणि लागण झालेल्या अडीचशे जणांत जेमतेम एकाला मेंदूज्वर होतो. पहिल्या पोराला झटके येतात तोवर विषाणू गावभर हिंडून आलेला असतो. नुसते पेशंट मोजणं म्हणजे वरात निघून गेल्यावर मांडव मोजणं.

लसीबद्दल एकच सांगतो. गोवरासारखं इथे नाही. गोवर माणसाकडून माणसाला होतो, म्हणून शेजारच्या पोराला टोचलं तर तुमचंही थोडं वाचतं. जेईचा विषाणू बगळ्यात आणि डुकरात बसलाय. शंभरातल्या नव्व्याण्णव पोरांना टोचलं, तरी उरलेल्या एकाला धोका जेवढा होता तेवढाच. म्हणून तो फिरतोय का, कुठे फिरतोय, हे दर पावसाळ्यात बघावंच लागतं.

सरळरेषा

कंदीलसाहेब, लिहिता छान. आता सव्वीस वर्षांच्या वहीचा हिशोब द्या. त्यातल्या एका तरी आकड्याने एक तरी मरण थांबलं का?

समजा श्रावणात डुक्कर पॉझिटिव्ह निघालं. पुढे काय? धुराची गाडी नगरसेवकाच्या गल्लीत दोन चकरा मारणार, फोटो काढणार. तुमचे हे विष्णुई डास राहतात घराबाहेर, पैदास बांधीत. धूर कुणासाठी? गोरखपूरला पोरं मेली ती माहीत नव्हतं म्हणून नाही. तिथे १९७८ पासून माहीत होतं. २००५ साली पूर्व उत्तर प्रदेशात पाच हजारांवर आजारी, तेराशेच्या वर मेले, तेव्हा कुठे २००६ ला लसीची मोहीम निघाली. अठ्ठावीस वर्षं निगराणी चालली, लस आली ती मढी मोजून झाल्यावर. मला राग याचा येतो, तुमच्या नळीचा नाही.

उपकेंद्राची_ताई

लस लस करणाऱ्या दादांनी एकदा माझ्यासोबत फिरावं. पहिला डोस नऊ महिन्यांना, तो होतो. दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत, तेव्हा घराला कुलूप. माणसं वीटभट्टीवर नाहीतर नागपूरला बांधकामावर. परत आल्यावर आई म्हणते, "दिली नं बाई मागे." कार्ड ट्रंकेत, ट्रंक सासरी. पैसा नाही कमी पडत, माणूस कमी पडतो. माझ्याकडे दोन उपकेंद्रांचा चार्ज आहे. असो, तुमचं चालू द्या.

तुमसरची_मावशी

मी शिकलेली नाही फार, पण लिहिते. माझ्या बहिणीचा पोरगा आठ वर्षांचा होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ताप, रात्री झटके. पहिल्या दवाखान्यात मलेरिया म्हणाले. दुसऱ्यात पाठीतलं पाणी काढायचं म्हणाले, तर आमच्या माणसांनी नाही म्हटलं, पाठीतलं पाणी काढलं की पोरगा लुळा होतो म्हणतात नं. मग तिसऱ्या दिवशी काढलं. पोरगा वाचला. आता चौदाचा आहे. बोलत नाही. ट्रॅक्टरचा आवाज आला की हसते. डॉक्टर म्हणाले होते रिपोर्ट येईल. सहा वर्षं झाली, कशाचा ताप होता ते आम्हाला आजही माहीत नाही. तुम्ही डुकराचं रक्त तपासा जी, पण आमच्या पोराच्या पाण्याचा रिपोर्ट कुठे गेला ते कोणी सांगेल का?

रात्रपाळी

मावशी, वाचून सुन्न झालो. पाठीतलं पाणी काढल्याने पोरगा लुळा होत नाही. लुळा होतो तो आजाराने, आणि पाणी काढायला उशीर झाला की त्याचं खापर सुईवर फुटतं. हे मी महिन्यातून दोनदा समजावतो.

बाकी भांडणाऱ्यांनी ऐका. मेंदूज्वर म्हणजे जेईच, असं नाही. गोरखपूरला लस सुरू झाली तरी पोरं येतच राहिली, आणि नंतर तपासलं तर मोठा वाटा स्क्रब टायफसचा निघाला. तो डासाचा नाही, गवतातल्या चिगर नावाच्या बारीक किड्याचा. त्याला डॉक्सीसायक्लिन, अझिथ्रोमायसिन चालतं, वेळेत दिलं तर पोर घरी जातं. जेईला औषधच नाही, फक्त सांभाळायचं. २०१८ ला नागपुरात स्क्रबचे पेशंट धडाधड आले तेव्हा आम्हीही आधी भलतंच शोधत होतो. आणि कृपा करून चांदीपुरा विषाणू यात घुसडू नका. तो आपल्या नागपूरजवळच्या गावाच्या नावाचा, १९६५ ला सापडलेला, पण त्याची वाहक वाळूमाशी. डास नाही.

तेव्हा डुक्कर नंतर. माणसाच्या तपासणीचा रिपोर्ट वॉर्डात वेळेवर येऊ द्या आधी.

डुक्करमुक्त_शहर

एवढी प्रवचनं वाचली, मूळ कारण कोणी बोलत नाही. डुकरं पकडा ना! आमच्या कॉलनीत संध्याकाळी वीस-वीसचा कळप फिरतो. माझ्या आईला दोन वर्षांपूर्वी डुकराने पाडलं, खुब्याचं हाड मोडलं, अजून काठी सुटली नाही. नगरपरिषदेला सात अर्ज दिले. रक्त तपासता कसलं? आजार डुकरात वाढतो हे तुम्हीच म्हणता, मग डुक्कर ठेवताच कशाला? मालकांना गावाबाहेर काढा, एका महिन्यात विषय संपेल.

खालची_आळी

"मालकांना गावाबाहेर काढा" हे सहज लिहून गेलात साहेब. आम्ही गावाबाहेरच होतो. गाव वाढत वाढत आमच्यापर्यंत आलं.

माझ्या वडिलांची अकरा जनावरं मागच्या वर्षी रात्री दोन वाजता ठेकेदाराची माणसं घेऊन गेली. बाहेरगावची टोळी, जाळी घेऊन आलेली. नोटीस नाही, पावती नाही, रुपया नाही. त्यातल्या दोन गाभण होत्या. माझ्या बारावीच्या फीचे पैसे त्या दोघींच्या पिल्लांतून निघणार होते. सकाळी तुमच्याच कॉलनीतला एक माणूस पेढे वाटत होता. तुमच्या आईचं वाईट वाटलं, खरंच. पण कॉलनीचा कचरा उघड्यावर कोण टाकतं? डुक्कर तिथे देवदर्शनाला येतं का?

आणि विषाणू बगळ्यात पण आहे म्हणतात. पकडा बगळे. तलावावर जाळी घेऊन जा, बघू कोण ठेका घेतो.

डुक्करमुक्त_शहर

लगेच जात काढली! मी जातीचं एक अक्षर लिहिलेलं नाही.

खालची_आळी

मी पण नाही लिहिलं. तुम्हाला ऐकू आलं.

धानवाला

भांडा तुम्ही. आमच्या बांधावर एक साहेब येऊन सांगून गेला, डास कमी करायचे तर आठवड्यातून एकदा बांधी सुकवा, मग परत पाणी द्या. सांगायला काय जाते? नळ आहे का माझ्या घरी पावसाचा? मामा (माजी मालगुजारी) तलावाचं पाणी एकदा सोडलं की पुढच्या वर्षीच दिसते. सुकवली आणि पाऊस दडी मारून बसला तर साहेब पोसणार का मले?

कानाची_नस

पशुवैद्यक आहे, तीनच गोष्टी सांगून पळतो.

डुकरं काढली की जेई जातो हे खोटं. बांगलादेशात डुकरं अशी किती? तरी तिथे जेई आहे. कळप कमी झाला तर धोका कमी होतो, हे मात्र खरं. आणि माणसं राहतात तिथून पिंजरे लांब ठेवले तर आणखी कमी होतो. पण त्याला जागा द्यावी लागते, ती कोण देणार हे वरच्या दोघांनी ठरवावं.

दुसरं, डुकराचं रक्त काढणं ही काय चीज आहे ते कंदीलसाहेबांनाही माहीत नसेल. वरच्या जबड्यात फासा अडकवायचा, ते जनावर असं किंचाळतं की अर्धा गाव गोळा होतो आणि कोणीतरी हमखास विचारतं, "कापता का?" नळी बर्फात ठेवायची. बर्फ कुल्फीवाल्याकडून, माझ्या खिशातून. मग पकडायला नगरपरिषद, काढायला पशुसंवर्धन, तपासायला आरोग्य खातं. तिघांची पत्रं एकमेकांना पोचेपर्यंत दिवाळी.

तिसरं, 'सरळरेषा' यांच्या बाजूने: मुद्दाम डुकरं बांधून पहारेकरी करणं मला पटत नाही. तेच डुक्कर विषाणू वाढवतं. चोराच्या हाती किल्ली. ऑस्ट्रेलियात मरे व्हॅली नावाच्या अशाच डासांच्या मेंदूज्वरासाठी कोंबड्या ठेवतात, त्या डासांना पुढे देण्याइतका विषाणू पैदा करत नाहीत.

गोठ्यातला_कंदील

डॉक्टर, कुल्फीवाल्याचा बर्फ मीही वापरलाय. तुम्ही एकटे नाही.

सरळरेषा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर टाळत नाही. माझ्या आकड्याने मरण थांबलं का? एकदाही थांबलं असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. वही वर जायची, वरून 'ठीक' यायचं. पण म्हणून मोजणं चूक का? जपानात १९६५ पासून दर उन्हाळ्यात कत्तलखान्यात येणाऱ्या डुकरांचं रक्त बघतात. पाच ते आठ महिन्यांची कोवळी डुकरंच घेतात. आईकडून आलेलं संरक्षण संपलेलं असतं, आणि मागचा उन्हाळा त्यांनी पाहिलेला नसतो. त्यांच्या रक्तात खूण सापडली म्हणजे विषाणू याच वर्षी, याच भागात फिरला. वेगळं डुक्कर बांधायची गरजच नाही. २००५ ला तिथे लसीच्या दुष्परिणामाच्या शंकेवरून सरकारने 'लस घ्याच' म्हणणं थांबवलं, ते नवी लस येऊन २०१० पर्यंत. तेव्हा माणसांत पेशंट वर्षाला दहाच्या वर नव्हते. नुसते पेशंट मोजले असते तर म्हणाले असते, आजार गेला, लस कशाला? डुकरांच्या रक्ताने सांगितलं, तो इथेच आहे. तुमच्या लाडक्या लसीची बाजू डुकराने लढवली, साहेब.

सरळरेषा

घ्या, आता डुक्कर माझा वकील.

बरं, अर्धा मुद्दा मान्य. आधी कळणं चांगलं, पण कळल्यावर काय करायचं ते आधी लिहून ठेवलेलं असेल तरच. इटलीत पो नदीच्या खोऱ्यात वेस्ट नाईल या डासांच्याच तापासाठी डासांत विषाणू सापडला की त्या जिल्ह्यातल्या रक्तदात्यांचं रक्त तपासायला घेतात. असं 'हे झालं की ते' आपल्याकडे दाखवा. डास वाढले की ताईंनी चुकलेल्या डोसांची घरं आधी गाठायची, रात्रपाळीवाल्या डॉक्टरांना फोन जायचा. एवढं झालं तर मी स्वतः तुमची नळी धरतो. नाहीतर ती वही रद्दीतच.

उपकेंद्राची_ताई

घरं गाठायला तयार आहे. दुसऱ्या उपकेंद्राचा चार्ज कोण घेते ते लिहा त्या कागदात.

डुक्करमुक्त_शहर

म्हणजे शेवटी डुकरं राहणारच. छान. आठवा अर्ज टाकतो.

खालची_आळी

कंदीलकाका, आमच्याकडे आखाडीनंतर या. उरलेल्या चार जनावरांची पाच-सहा महिन्यांची पिल्लं आहेत, मी स्वतः धरून देतो. फासा नको, माझ्या हाताखाली किंचाळत नाहीत. फक्त एक अट. रिपोर्ट आम्हाला दाखवायचा. आणि तो आला म्हणून रात्री दोनला गाडी यायची नाही.

गोठ्यातला_कंदील

बाळा, मी निवृत्त माणूस, पण डॉक्टरांना घेऊन येतो. रात्री गाडी येणार नाही हे माझ्या हातात नाही. रिपोर्टचंही खोटं नाही सांगत. सव्वीस वर्षांत मी पाठवलेल्या नळ्यांचं पुढे काय निघालं, ते मला दोनदाच कळलं. दोन्ही वेळा पेपरात वाचून.