प्रति: पहिल्या आठवड्यात परदेशी अधिकाऱ्याला इंग्रजी छळतं का?

तुमचा भाचा अमेरिकेत पोलीस प्रशिक्षणाला निघाला आहे, आणि पहिल्या आठवड्यात इंग्रजी छळेल का, असं तुम्ही विचारलंत. वरच्या प्रतिसादात भाषेची भीती मांडली आहे, पण माझ्या मामेभावाचा अनुभव वेगळा आहे. दादा मध्य प्रदेश पोलिसात. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या क्वांटिकोला एफबीआय नॅशनल अकॅडमीत, म्हणजे पोलीस अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाला गेला होता, जानेवारीच्या तुकडीत. इंग्रजीने त्याला अडवलं नाही, अडवलं झोपेने. तिथली घड्याळं आपल्यामागे साडेदहा तास, त्यामुळे रात्री दोनला टक्क जागा आणि दुपारच्या वर्गात पापण्या जड! दुसरं म्हणजे, वयाने मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायची. 'सर' तोंडातून सुटता सुटेना.

संक्रांत त्याच आठवड्यात आली. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरून मामीने गजकाचा, म्हणजे तीळ-गुळाच्या खुसखुशीत मिठाईचा, डबा दिला होता. त्याने तो खोलीतल्या सोबत्यापुढे उघडला. त्या दणकट शेरीफने (म्हणजे तिकडच्या काउंटीच्या पोलीसप्रमुखाने) कागदावर सांडलेले तीळसुद्धा बोटाने टिपून खाल्ले. तिथून दोघांचं सूत जुळलं, आजही फोन चालू असतात.

तुमच्या भाच्याला एवढंच सांगा, आतापासून रोज पळायला लागू दे. प्रशिक्षणाच्या शेवटी 'यलो ब्रिक रोड'ची 6.1 मैलांची, म्हणजे जवळजवळ 10 किलोमीटरची अडथळ्यांची दौड असते. आणि डबा मोठा न्यायला सांगा.