नुसती वर्षं मोजू नका

मनाच्या त्रासासाठी 'वीस वर्षं प्रॅक्टिस असलेलाच थेरपिस्ट गाठा' हा सल्ला मला पटत नाही. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या, 170 थेरपिस्टांच्या कामावरच्या अभ्यासात अनुभवाबरोबर रुग्णांना येणारा गुण वाढला नाही. सरासरीने किंचित घटलाच.

आपल्या गोव्यात मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या 'संगाथ' या संस्थेने काय केलं ते बघा. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिकांना प्रशिक्षण देऊन सरकारी आरोग्य केंद्रांत नैराश्यावर समुपदेशनाला बसवलं. सहा ते आठ भेटी. तीन महिन्यांनी 64 टक्के रुग्ण सावरले. नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत 39 टक्के. माझ्या मते खरी मेख देखरेखीत आहे. हे समुपदेशक एकमेकांच्या सत्रांची रेकॉर्डिंग गटात बसून ऐकत आणि त्यांना गुण देत. कुठे घाई झाली, कुठे रुग्णाचं बोलणं तोडलं, सगळं उघडं पडतं. (पदवीवाले किती जण हे करतात?)

शिवाय दर भेटीत नैराश्याच्या लक्षणांवर नऊ प्रश्नांची छोटी प्रश्नावली. ती हवीच, कारण आपली माणसं समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून 'बरें आसा' म्हणून मोकळी होतात आणि पुढच्या वेळी येतच नाहीत. म्हणून पहिल्याच भेटीत थेरपिस्टला बिनधास्त विचारा: मला फरक पडतोय की नाही, हे तुम्ही कसं तपासणार?