जलवाहिन्यांचे जाळे समजून घ्यायला बैजिक संस्थितिविज्ञान हवे का?

मूळ मांडणी : गणिताचे प्राध्यापक, सोलापूर

उजनीचे पाणी शहरात ज्या जाळ्यातून वाटले जाते, त्याचा विचार आपण बहुधा बिंदूंच्या भाषेत करतो : कोणत्या टाकीची पातळी किती, कोणत्या चौकात दाब किती. प्रवाह मात्र बिंदूत नसतो; तो दोन बिंदूंना जोडणाऱ्या नळात असतो आणि त्याला दिशा असते. ग्राफवरील (म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा यांच्या जाळ्यावरील) सिग्नल प्रक्रियेची, म्हणजे मोजलेल्या आकड्यांच्या विश्लेषणाची, रूढ साधने बिंदूंवरील आकड्यांसाठी घडलेली आहेत, म्हणून नळांवरील आकड्यांसाठी बैजिक संस्थितिविज्ञान, म्हणजेच आकारांतील जोडण्या आणि पोकळ्या बीजगणिताने अभ्यासणारी अल्जिब्राइक टोपॉलॉजी ही शाखा, वापरावे असे माझे ठाम मत आहे. स्विस गणितज्ञ एकमान यांनी १९४४ साली पाया घातलेल्या सिद्धान्तानुसार कडांवरील, म्हणजे इथे नळांवरील, कोणताही सिग्नल परस्परलंब अशा तीन भागांत एकाच रीतीने विभागता येतो : बिंदूंवरील मूल्यांच्या फरकातून येणारा ग्रेडियंट भाग, भरलेल्या (म्हणजे तीन कडांमधली जागा गणितात पोकळ न मानलेल्या) त्रिकोणांभोवती फिरणारा कर्ल भाग आणि न भरलेल्या पोकळ्यांभोवती फिरणारा हार्मोनिक भाग. ज्या जोडांवर टाकी नाही आणि घरजोडणीही नाही, तिथे जितके पाणी येते तितकेच जायला हवे. फिरणाऱ्या दोन भागांत हे आपोआप जुळते, म्हणून तिथल्या मोजणीत बाकी उरली, तर ती ग्रेडियंट भागात दिसते आणि गळती आहे किंवा मीटर चुकीचा आहे. बार्बारोसा आणि सार्देलित्ती यांनी २०२० मध्ये याच विभागणीच्या आधारे मोजक्या कडांवरील नोंदींवरून उरलेल्या कडांचा सिग्नल काढण्याची रीत मांडली. सगळ्या नळांवर मीटर बसवणे ज्या शहराला परवडत नाही, त्याला याहून उपयोगी गणित मला दिसत नाही.

प्रतिसाद : निवृत्त पाणीपुरवठा अभियंता

मी असहमत आहे. बंद वळशाचा विचार आमच्या क्षेत्राला नवा नाही. अमेरिकन अभियंता हार्डी क्रॉस यांनी १९३६ सालीच वळशावळशाने प्रवाहाची दुरुस्ती करत उत्तरापर्यंत पोहोचण्याची पद्धत दिली आणि आमच्या पिढीने ती हाताने आकडेमोड करून वापरली. तिच्यातील प्रत्येक पायरीला भौतिक अर्थ आहे, कारण कोणत्याही बंद वळशात दाबघटीची बेरीज शून्य येते. तुमच्या मांडणीतला भरलेला त्रिकोण म्हणजे प्रत्यक्षात काय? तीन नळांच्या मधोमध घरे आणि जमीन आहे, पाणी नाही. दुसरे असे की इथे पाणी काही दिवसांआड येते. चावीवाल्याने व्हॉल्व्ह उघडल्यावर बराच वेळ नळांतली हवा बाहेर पडत असते आणि नळ भरत असतात; त्या काळात आत आलेले आणि बाहेर गेलेले पाणी जुळणारच नाही, म्हणजे तुमचे गणित दर वेळी खोटी गळती दाखवेल.

धागाकर्त्याचे उत्तर

नळ भरण्याच्या काळाबद्दलचा आक्षेप योग्य आहे. त्या वेळच्या नोंदी बाजूला काढाव्याच लागतील. परंतु हार्डी क्रॉस पद्धतीला प्रत्येक नळाची लांबी, व्यास आणि आतला खडबडीतपणा माहीत असावा लागतो, आणि जुन्या, गंज चढलेल्या नळांबाबत खडबडीतपणाचा आकडा हा अंदाजच असतो. मी सांगतो ती विभागणी फक्त कोण कोणाला जोडलेले आहे एवढेच विचारते. त्रिकोण भरणे हे जमिनीचे वर्णन नसून प्रवाहाबद्दलचे गृहीतक आहे, आणि कोणते त्रिकोण भरावेत हे नोंदींवरूनच ठरवता येते. रस्त्यांप्रमाणे नळही बहुधा चौकोनी वळसे करतात, ही अडचणही आता उरलेली नाही, कारण त्रिकोणाऐवजी कोणताही बहुभुज भरू देणारी मांडणी उपलब्ध आहे.

प्रतिसाद : संख्याशास्त्राची विद्यार्थिनी

सर, माझी शंका नेमकी याच वाक्यावर आहे. भरायचे त्रिकोण नोंदींवरून निवडायचे आणि त्याच नोंदी त्या त्रिकोणांनी समजावून सांगायच्या, असे केले तर मीटरच्या गोंगाटालाही अर्थ दिल्यासारखे होईल, विशेषतः नोंदी थोड्या आणि संभाव्य वळसे पुष्कळ असताना. उलट एकही वळसा भरला नाही, तर हाती उरते ते केवळ जोडावरचा जमाखर्च जुळवणे, आणि तेवढ्यासाठी किर्खोफ यांचे नियम (प्रत्येक जोडावर जितके येते तितकेच जाते, अशा स्वरूपाचे) पुरेसे आहेत. म्हणजे या सिद्धान्ताचे सारे वेगळेपण भरण्याच्या निवडीवर उभे आहे. काही नळांच्या नोंदी मुद्दाम लपवून ठेवाव्यात, त्या किर्खोफच्या नियमांनी, हार्डी क्रॉस पद्धतीने आणि वळसे भरलेल्या मांडणीने स्वतंत्रपणे काढाव्यात आणि मगच पुढे बोलावे, असे मला वाटते.

प्रतिसाद : निवृत्त पाणीपुरवठा अभियंता

ही कसोटी मला मान्य आहे, मात्र ती संगणकावर रचलेल्या आदर्श जाळ्यावर नको. गावठाणातला जुना भाग घ्या, जिथे नकाशावर नसलेल्या जोडण्या जमिनीखाली आहेत. कारण तुमचे गणित ज्या एकाच माहितीवर विसंबते, ती कोण कोणाला जोडलेले आहे ही माहितीच तिथे अपुरी आहे.