डेटाबेस जागच्या जागी बरा की वेगळ्या डिस्कवर?

शहापूरकर: खडे बाजारातल्या एका कापड दुकानाचा बिलिंग सर्व्हर मी बघतो. परवा लाईट गेली, यूपीएसनंही मान टाकली. परत चालू केलं तर मायएसक्यूएल हा डेटाबेस सुरू, खरं आत जुनं एक टेबल नाही! शेटजींचा एकच प्रश्न, "उधारी कुठं गेली?" सर्व्हरला डेटाडिर, म्हणजे डेटा ठेवायचं फोल्डर, विचारलं तर नेहमीचाच पत्ता, व्हार-लिब-मायएसक्यूएल; आमची डेटाची वेगळी डिस्क त्याच फोल्डरवर जोडलेली असते. तिथंच फसलो. अर्ध्या तासानं डिस्कांची यादी दाखवणारं एलएसबीएलके मारलं, तर डेटाची डिस्क माउंट न होता, म्हणजे फोल्डरला न जोडता, नुसती बसलेली. आरपीएम पॅकेजमधून घातलेलं मायएसक्यूएल खालचं रिकामं फोल्डर बघून नवा संसार मांडून मोकळं. म्हणून म्हणतो, छोट्या दुकानाला वेगळी डिस्क नकोच.

निपाणीकर: डिस्कवर कशाला राग काढताय ओ? कुठली डिस्क कुठं जोडायची त्या एफएसटॅब फाईलमध्ये एसडीबी, म्हणजे डिस्कचं चालू नाव, लिहिलं असणार. बॅकअपची डिस्क लावली की पुढच्या बूटला नावं सरकू शकतात. ब्लकआयडी कमांडनं यूयूआयडी, म्हणजे न बदलणारा ओळख नंबर, काढून लिहायचा. सगळं रूटवर, म्हणजे सिस्टमच्याच डिस्कवर, ठेवलं की लॉग, म्हणजे नोंदींच्या फायली, फुगून जागा संपते आणि डेटाबेस बंद पडतो, ते चालतंय काय?

शहापूरकर: एसडीबीच होतं, लिहिलेलंही मीच. खरं लॉग फुगले तर निदान कळतं. इथं तीन बिलं फाडून झाल्यावर कळलं. जुन्या गिऱ्हाईकाच्या हातात बिल नंबर १ पडलं म्हणून!

खानापूरकर: भांडताय दोघं, आणि खरा चोर एफएसटॅबमधला नोफेल, म्हणजे 'डिस्क नसली तरी पुढं चल' हा पर्याय. तो होता म्हणून डिस्क नसतानाही मशीन गुमान वर आलं. काढून टाका.

निपाणीकर: हे मात्र पटलं नाही. नोफेल काढला की बूट इमर्जन्सी मोडमध्ये अडकणार, एसएसएचनं लांबून आतही जाता येणार नाही. मग रात्री मॉनिटर घेऊन जाणार कोण, तुम्ही? त्यापेक्षा सर्व्हिसा सुरू करणाऱ्या सिस्टमडीत डेटाबेसच्या सर्व्हिसला रिक्वायर्स-माउंट्स-फॉर, म्हणजे 'ही जागा जोडलेली हवीच' अशी अट, लावा. डिस्क नाही तर फक्त डेटाबेस उठणार नाही. शिवाय डिस्क उतरवून खालच्या रिकाम्या फोल्डरला चॅट्र कमांडनं प्लस-आय करा, म्हणजे कुलूप घाला, त्यात कुणाला लिहिताच येणार नाही.

शहापूरकर: प्लस-आय आज रात्री करतो. तरी एवढी कुलपं लावायची, तर दार मुळात केलंच कशाला? असो. ती तीन बिलं आता जुन्या डेटाबेसात हातानं चढवायलोय, आणि शेटजी शेजारी खुर्ची टाकून बसलेत.