मदत हवी आहे : दहावीतल्या मुलीला खरेदीखताची नक्कल मिळेल का? (कादंबरीसाठी)

नमस्कार मंडळी,

तेरा ते सोळा वयाच्या वाचकांसाठी एक रहस्यकादंबरी लिहिते आहे. निम्म्याच्या पुढे आले आहे. आता जिथे अडले आहे तिथे नुसत्या कल्पनेवर भागत नाही. दुय्यम निबंधक कार्यालयात (जिथे जमिनीचे दस्त नोंदवतात) काम केलेल्या किंवा तिथे खेटे घातलेल्या माणसाचा अनुभव हवा आहे.

कथा वाई तालुक्यात, बावधनजवळच्या एका कल्पित वाडीत घडते. वैजू दहावीत आहे. तिचे आजोबा शेतातल्या विहिरीत मृतावस्थेत सापडतात. मोटार बघायला उतरले आणि पाय घसरला, असं सगळे धरून चालतात. पोलीस पाटील ठाण्यात कळवतात, पंचनामा होतो, 'अकस्मात मृत्यू' अशी नोंद होते. एफआयआर नाहीच, त्यामुळे पोलिसांच्या संकेतस्थळावर वैजूच्या हाती काही लागत नाही.

पुढे वारसनोंद कुठवर आली ते वडिलांना सांगायचं म्हणून ती 'आपली चावडी' हे फेरफाराच्या (जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदीच्या) नोटिसा दाखवणारं सरकारी संकेतस्थळ उघडते. तिथे आजोबांच्या गट नंबरवर वारसाच्या फेरफाराशिवाय आणखी एक फेरफार दिसतो, खरेदीखताचा. आजोबांनी जमीन विकली आणि घरात कुणालाच पत्ता नाही? नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर ती सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, शोधून काढते. दस्त नोंदवल्याची तारीख रंगपंचमीची! त्या दिवशी आजोबा सोनेश्वरपासून बावधनपर्यंत बगाडाबरोबर, म्हणजे गावच्या यात्रेत ओढत नेतात त्या लाकडी गाड्याबरोबर, चालत होते. गावाने पाहिलंय, कितीतरी मोबाइलमध्ये त्यांचे व्हिडिओ आहेत. फेरफाराला हरकत घ्यायची मुदत नोटिशीपासून 15 दिवस, म्हणजे कथेला घड्याळही मिळालं.

इथवर मी खूश होते. मग लक्षात आलं की आपल्याकडे दस्त नोंदवताना लिहून देणाऱ्याचा, म्हणजे विकणाऱ्याचा, फोटो आणि अंगठा तिथेच घेतात आणि ते दस्ताच्या शेवटच्या पानांवर छापलेले असतात. नोंदणी कायद्याच्या कलम 57 प्रमाणे स्थावर मिळकतीच्या दस्तांची, म्हणजे पुस्तक क्रमांक 1 ची, नक्कल फी भरून कुणीही मागू शकतो. मग वैजूने अर्ज केला की तोतयाचा फोटो समोर आणि रहस्य साठाव्या पानावर संपलं!

तर मुख्य प्रश्न हा. कायदा 'कुणीही' म्हणतो, खिडकीवरचा माणूस काय म्हणतो? शाळेच्या गणवेशातली मुलगी आली तर अर्ज घेतील, की 'घरच्या मोठ्या माणसाला घेऊन ये' म्हणतील? नक्कल किती दिवसांत हातात पडते? फोटो ओळखू येण्याइतका स्पष्ट असतो का, की झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये नुसता काळा ठिपका उरतो? यातलं एखादं खरं कारण मिळालं तर ती नक्कल मला शेवटच्या चार प्रकरणांपर्यंत लांबवता येईल. उगाच फाइल हरवली, कारकून रजेवर गेला असले आडोसे मला नको आहेत.

मला यात इतकं काटेकोर का राहायचं आहे तेही सांगते. मुलांच्या रहस्यकथांत गुप्तहेर पोरं बंद वाड्यांत शिरतात, गुंडांच्या गाडीत लपतात आणि पोलीस बावळट असतात. वैजू कुलूप तोडणार नाही, वेष पालटणार नाही. जे कागद कुणालाही बघता येतात तेच ती नीट वाचणार आहे. सातबारा हा शब्द शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांच्या कानावर जन्मापासून पडतो, पण त्यावरचे फेरफार क्रमांक म्हणजे त्या जमिनीचा इतिहास आहे, हे त्यांना कुणी दाखवत नाही. तालुक्याच्या गावातल्या एखाद्या मुलीने पुस्तक मिटून आपल्या घरचा सातबारा उघडावा, एवढी माझी इच्छा आहे.

डॉक्टर मंडळींसाठी एक प्रश्न. माणूस पाण्यात जिवंत असताना बुडाला तर पाण्यातले डायटम (सूक्ष्म शैवाल) रक्तातून हाडांच्या मज्जेपर्यंत पोचतात, आधीच मृत असेल तर सहसा नाही. पण ग्रामीण रुग्णालयात, कुणी संशय घेतलेला नसताना, या तपासणीसाठी नमुना राखून ठेवतात का? ठेवत नसतील तर तो पुरावा मी कथेतून काढूनच टाकेन.

पोलिसांत असलेल्यांसाठीही एक. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 179 प्रमाणे स्त्री साक्षीदाराला ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, म्हणून उपनिरीक्षक बाई वैजूचा जबाब घ्यायला घरी येतात आणि पडवीत बसतात, असा प्रसंग लिहिलाय. आजी मध्येमध्ये बोलते. बाई तिला बोलू देतील, की आधी आत जायला सांगतील? या बाई हुशार आणि सरळ दाखवायच्या आहेत, त्यामुळे इथे खोटं वाटता कामा नये.

वाईकरांना शेवटचं आणि सगळ्यांत तातडीचं विचारते : बगाडाच्या दिवशी वाईतलं नोंदणी कार्यालय चालू असतं ना? की स्थानिक सुट्टी असते? सुट्टी असेल तर त्या तारखेला दस्त होणारच नाही, आणि पाचव्या प्रकरणापासून सगळं नव्याने बांधावं लागेल.